जबडा कुणाचा, गोष्ट कुणाची?

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त शहरालगत सेंट पीटरची टेकडी आहे. तिच्या पोटातल्या चुनखडीच्या खाणीत १७८०च्या सुमारास एक प्रचंड जबडा सापडला. फोजा द सँ-फों या फ्रेंच भूवैज्ञानिकाने १७९९मध्ये या टेकडीवर पुस्तक काढलं आणि त्यात जबड्याची गोष्टही सांगितली. जीवाश्मवेडा लष्करी डॉक्टर हॉफमन जबडा बाहेर काढतो. जमिनीचा मालक असलेला पाद्री गॉडिंग कोर्टात जाऊन तो बळकावतो. १७९४मध्ये फ्रेंच फौजा शहर घेतात, तेव्हा जबडा लपवलेला असतो. मग सहाशे बाटल्या वाईनचं बक्षीस लागतं आणि सैनिक जबडा घेऊन हजर होतात!

वाचायला झकास. पण ही गोष्ट सांगतंय कोण? जप्तीच्या काळात फोजा स्वतः फ्रेंच सरकारतर्फे मास्ट्रिख्तमध्ये होता. पाद्री जितका लबाड दिसेल, तितकी ही लूट न्याय्य वाटणार. पुढे अभ्यासकांनी जुने कागद चाळले, तर त्या खटल्याचा पुरावाच मिळेना.

जबडा वाचतानाही फोजा चुकला. त्याने तो मगरीचा ठरवला. त्याआधी, १७८६मध्ये, डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपरने तो देवमाशाचा म्हटला होता. बापाची ही चूक दुरुस्त केली ती मुलाने. आद्रियान कांपरने बोट ठेवलं ते टाळूवरच्या दातांवर. असे दात मगरीला नसतात, देवमाशालाही नसतात. ते काही सरड्यांना आणि सापांना असतात. १८०८मध्ये क्युव्हिएने त्याला दुजोरा दिला आणि या प्राण्याला इग्वाना आणि आपल्या ओळखीच्या घोरपडीच्या कुळाच्या मधे बसवलं.

१८२२मध्ये कॉनिबेअरने नाव दिलं मोसासॉरस, म्हणजे म्यूझ नदीचा सरडा. १८२९मध्ये मँटेलने त्याला जोड दिली ‘हॉफमनी’ अशी. हॉफमन त्या टेकडीतले जीवाश्म जमवायचा हे खरं, पण हा जबडा गॉडिंगच्या मालकीचा होता.

फोजाच्या पुस्तकावर माझा आक्षेप हाच आहे. त्यातली मगर नऊ वर्षांत खोडली गेली, कारण दात समोर होते, कुणालाही तपासता येत होते. गोष्ट मात्र पुढची दीडशे-दोनशे वर्षं पुस्तकांतून जशीच्या तशी उतरवली गेली. नाव तर आता बदलणारही नाही. नामकरणाच्या नियमांत खोटी गोष्ट हे काही नाव रद्द करायचं कारण नाही. आणि जबडा? तो अजून पॅरिसमध्येच आहे.