रोज ऐकल्यावर उरणारा आवाज



आजचा विषय फलकावर लिहिलेला आहे, ‘नवं प्रायोगिक कंठसंगीत आणि रोजचं ऐकणं’. वाचायला जरा जड आहे, सोपं करून सांगतो. ज्या गाण्यात शब्द असतीलच असं नाही, राग किंवा चाल असेलच असं नाही, पण माणसाचा गळा आणि श्वास आहे, अशा गाण्याबद्दल बोलायचं आहे. हसणं, धापा टाकणं, पुटपुटणं, टाळ्याला जीभ लावून टक् टक् वाजवणं, घशाच्या तळातून घोगरा आवाज काढणं, हे सगळं त्यात येतं. गेली साठ वर्षं अमेरिकेत, युरोपात असं गाणं रचलं जातंय आणि हातात मोबाइल असला की ते सेनगाव तालुक्यातही पोचतं.

साखऱ्यात आम्ही पाच-सहा जण रात्रीचं जेवण झालं की असं गाणं लावतो. एक रचना घ्यायची, पंधरा दिवस तीच ऐकायची आणि पंधरा दिवस होईपर्यंत बरं-वाईट बोलायचं नाही. शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड. (हशा)

हा नियम का केला? या संगीताबद्दल जे काही बोललं जातं, ते बहुतेक पहिल्या दिवसाचं बोलणं असतं. एकजण म्हणतो, हे काय गाणं हाय का, ही तर थट्टा. दुसरा लगेच म्हणतो, अहो, हे सगळं आपल्याकडं आधीपासून होतंच की. आपला वासुदेव, आपला गोंधळ, आपली भारुडं. दोघंही त्या आवाजाच्या धक्क्याला उत्तर देत असतात. एक धक्का नाकारतो, दुसरा त्याला ओळखीचं नाव देऊन गप्प करतो. गाणं ऐकायचं दोघांचंही राहूनच जातं. आमचं म्हणणं असं की धक्का साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी संपतो आणि परीक्षण तिथून सुरू व्हायला पाहिजे.

एकच गोष्ट रोज ऐकणं आपल्याला नवीन नाही. हिंगोली जिल्ह्यात, नरसी आणि औंढ्याच्या टापूत, संध्याकाळी हरिपाठ होतो. दोन रांगा समोरासमोर उभ्या, एक चरण ही रांग म्हणते, एक ती रांग. शब्द पाठ असतात, चाल माहीत असते. मग माणूस रोज काय ऐकतो? आज कुणाचा आवाज बसला आहे, कोण श्वास कुठं सोडतो, समोरची रांग आपला चरण संपायच्या आधीच उचलते की थांबते, हे ऐकतो. कीर्तनातही बुवा दमले की मागचे टाळकरी ध्रुपद धरतात आणि बुवांना दम घ्यायला जागा मिळते. एकाचा श्वास संपतो तिथं दुसऱ्याचा सुरू होतो. हे कान घेऊनच आम्ही त्या परक्या गाण्याकडं गेलो, त्यामुळं आमचं परीक्षण याच बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली रचना लुचानो बेरिओची, ‘सेक्वेन्झा 3’. इटलीचा हा संगीतकार. 1965 साली कॅथी बर्बेरियन या गायिकेसाठी त्यानं ही रचना लिहिली. फक्त एका बाईचा आवाज, आठ-नऊ मिनिटं. गायिका रंगमंचावर येते तीच पुटपुटत येते. मग हसते, उसासते, एखादा लांब सूर लावते, लगेच तो तोडून परत पुटपुटते. लिपीत सुरांच्या जोडीला मनाच्या अवस्थाही लिहून दिलेल्या आहेत: इथं तणाव, इथं गोंधळ, इथं घाई. एका छोट्या इंग्रजी मजकुराचे तुकडे तुकडे करून ते सगळीकडं पसरलेले आहेत.

पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकानं सरळ सांगितलं, बाईला बरं नाही. आठव्या दिवशी मात्र सगळ्यांनाच एक गोष्ट कळायला लागली. ते हसणं मोकाट नाही. तान जशी जागेवर येते तसं ते जागेवर येतं, किती वेळ चालायचं ते ठरलेलं आहे आणि त्याच्या पाठीमागून येणारा लांब सूर त्या हसण्यामुळंच लांब वाटतो. इंग्रजीचे तुकडे आम्हाला कळत नव्हते, पण तराण्यातले बोल तरी कुठं कळतात? न कळणं आड आलं नाही. पंधरा दिवसांनी आमचं मत असं झालं की ही रचना टिकते. तिच्यात एक एकटी बाई आहे, तिला कुणी उत्तर देत नाही, आणि ते उत्तर नसणं रचनेनं लपवलेलं नाही. बाई रात्रीची घरात एकटी बोलत बसते तसं.

आता मराठी श्रोत्यांनी असं नवं गाणं कधी पचवलं होतं का, हेही बघू. समूहाच्या आवाजाचा प्रयोग आपण नाटकात पचवला. 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ आलं, भास्कर चंदावरकरांचं संगीत, ओळीनं उभ्या ब्राह्मणांची ती भिंत. ती भिंत गाते, गुणगुणते, आणि प्रेक्षकाला काही खटकत नाही, कारण हाताला धरायला कथा आहे. कथा काढून घेतली असती तर तोच प्रेक्षक किती वेळ बसला असता, हा प्रश्नच आहे.

मैफलीतलं उदाहरण कुमार गंधर्वांचं. बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा, मुंबईत देवधर मास्तरांकडं शिकला, 1948 साली क्षयानं आजारी होऊन देवासला गेला. पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून त्यांनी काय केलं, तर ऐकलं. माळव्यातल्या बाया गातात ते, रस्त्यानं जाणारे जोगी गातात ते, रोज. तीन-चार सुरांत फिरणाऱ्या त्या धुना. त्यांतून पुढं धुनउगम राग निघाले: मालवती, सहेली तोडी, लगनगांधार, मधसूरजा. 1965 साली ‘अनूपरागविलास’ छापलं गेलं. रोजच्या ऐकण्यातून नवं गाणं कसं निघतं, याचं मराठी माणसाला माहीत असलेलं हे सगळ्यात मोठं उदाहरण आहे.

कुमारांबद्दल एक वाक्य आपण इतकं ऐकलंय की ते खरंच वाटतं: फुप्फुस गेलं म्हणून ते छोटे तुकडे गायचे. आम्हाला हे स्पष्टीकरण फार अपुरं वाटतं. दम कमी असलेला गवई तुकडे करतो ते दम घ्यायला. त्याच्या दोन तुकड्यांच्या मधली जागा रिकामी असते. कुमारांची ध्वनिमुद्रणं पंधरा दिवस ऐका. मधली जागा रिकामी नाही. सूर फेकून ते थांबतात तेव्हा समोरून कुणीतरी काहीतरी म्हणणार आहे असं वाटतं, आणि पुढचा तुकडा त्या न ऐकू आलेल्या बोलण्याला उत्तर म्हणून येतो. आजारानं मर्यादा दिली असेल, पण ही जागा त्यांना त्या बायांच्या सामूहिक गाण्यातून मिळाली असावी, असं आम्हाला वाटतं. एक रुखरुख मात्र राहते. माळव्याचा उल्लेख कुमार करत राहिले, तिथल्या लोकगीतांना त्यांनी मानानं मैफलीत आणलं. त्या बायांची नावं मात्र मैफलीतल्या श्रोत्यापर्यंत पोचली नाहीत.

हीच रुखरुख घेऊन तिसऱ्या रचनेकडं येऊ, कारण तिथं ती फार मोठी होते.

कॅरोलाइन शॉ या अमेरिकन संगीतकर्तीनं ‘पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस’ रचलं, आठ आवाजांसाठी. 2013 साली तिला त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं, वय तीस. ‘रूमफुल ऑफ टीथ’ नावाचा गट ते गातो. शॉ स्वतःही त्यात गाते. चार भाग आहेत. त्यातला ‘कुरांत’ हा भाग श्वासानं सुरू होतो. आत घेतलेला श्वास, बाहेर टाकलेला श्वास, लयीत, एकात एक गुंतत जाणारा. मग त्यावर गुणगुणणं येतं, आणि ते इतकं सुंदर आहे की आमच्यातल्या थट्टावाल्यानं पहिल्याच दिवशी नियम मोडला आणि वा म्हणाला.

श्वासाची ही पद्धत आली इन्युइट बायांच्या कताज्जाकवरून. उत्तर कॅनडातला बर्फाळ मुलूख. पुरुष शिकारीला गेलेले, घरात बाया. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींचे दंड धरून, तोंडाजवळ तोंड. एक घशातून आवाजाचा एक घाट सुरू करते, दुसरी तिच्या मधल्या फटी भरते. वेग वाढत जातो. जिचा दम आधी सुटतो किंवा जिला आधी हसू येतं ती हरली. म्हणजे हा खेळ आहे. मिशनऱ्यांनी त्यावर बंदी घातली होती. तरी तो टिकला. ‘रूमफुल ऑफ टीथ’नं इन्युइट गायिकांकडून हे शिकूनही घेतलं होतं. पण 2019 साली तान्या तगाक या इन्युइट गायिकेनं ‘कुरांत’बद्दल जाहीर आक्षेप घेतला: आमचं घेतलंत आणि आमचं नाव कुठं आहे?

हा वाद आम्ही रचना ऐकून झाल्यावर वाचला, आधी नाही. दहा-बारा दिवसांनी आम्हाला ‘कुरांत’मध्ये एक उणीव जाणवायला लागली होती आणि ती नेमकी काय ते सांगता येत नव्हतं. कताज्जाक खेळ आहे हे कळलं तेव्हा ती सापडली. ‘कुरांत’मध्ये कुणी हरत नाही. आठही जण लिहिलेलं गातात, सगळे एकदम तयारीचे, हसू कुणालाच येणार नाही. दोघींमधला धोका निघून गेला आणि श्वासाचा पोत तेवढा उरला. रचना सुंदर आहे आणि ती रोज थोडी थोडी पातळ होते, हे आमचं मत. श्रेयाचा प्रश्न आणि संगीताचा प्रश्न इथं वेगळे नाहीत. समोरची बाई काढून टाकली की तिचं नावही जातं आणि तिनं दिलेला ताणही जातो.

लगोलग तगाकचं गाणं लावलं. तीही एकटीच गाते, दोघींचं गाणं एकटी. कॉलेजला घरापासून दूर असताना आईनं कताज्जाकच्या कॅसेटी पाठवल्या, त्या ऐकून शिकली. जोडीला कुणी नव्हतं. 2014 साली तिच्या ‘ॲनिमिझम’ला कॅनडाचं पोलारिस पारितोषिक मिळालं. ऐकायला हे ‘कुरांत’पेक्षा कितीतरी अवघड. गुरगुरणं, किंचाळणं, एक रात्र तर शेजाऱ्यांनी येऊन विचारलं, काय झालं? (हशा) पण पंधराव्या दिवशीही ते पातळ झालं नाही. ती दोन्ही बाजूंनी स्वतःशीच झुंजते आणि समोर कुणी नाही हे प्रत्येक श्वासाला कळतं.

आता गावात येऊ.

दोघी समोरासमोर, मधे एक वस्तू, एकीनं सुरू करायचं, दुसरीनं उचलायचं, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. जातं. खुंट्याला दोघींचे हात, एकीनं वैरण घालायची, ओवीचा अर्धा भाग एकीचा, अर्धा दुसरीचा. पिठाची गिरणी आली आणि रोजचं दळण गेलं. ओव्या वहीत उतरल्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये केवढ्या गोळा केल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यातल्या पुष्कळ आवाजासकट ध्वनिमुद्रित झाल्या, आणि 2017 पासून ‘परी’वर त्या गाणारणीच्या नावागावासकट ऐकता येतात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यात आहेत. आपल्या मराठवाड्यातला तो आवाज नक्की ऐका. वहीतल्या ओवीत आणि त्या ओवीत काय फरक आहे ते सांगावं लागणार नाही. वहीत श्वास नाही, जात्याची घरघर नाही आणि ओळ परत परत घोळवणं नाही.

आमच्यातल्या एका पोरानं लग्नाच्या हळदीला जात्यावर बसलेल्या आपल्या आजीचा आवाज मोबाइलवर घेतला. त्याला त्यावर नवं काही करायचं होतं. आम्ही वर्षभर जे ऐकतोय त्याचाच हा परिणाम. त्यानं आवाज साफ करणारं ॲप लावलं. ॲपनं घरघर काढून टाकली. ते त्याचं कामच आहे, एक आवाज ठेवायचा, बाकी गोंगाट. पण त्या गोंगाटात समोरच्या बाईचा आवाजही होता. आजीचा चरण संपता संपता ती अर्ध्या अक्षरावर आत येते, तेही पुसलं गेलं. तयार गाणं आजीला ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘बरं केलंस. अन् समोर कोण हाये माझ्या?’’

पोराचं म्हणणं सरळ आहे. घरघर ठेवली तर वीस सेकंदही कुणी ऐकणार नाही, पुढं सरकवतील. हे खोटं नाही. आम्ही त्याला सांगितलं ते एवढंच: ज्यांनी सरकवायचं ते सरकवतील, त्यांच्यासाठी तू समोरची बाई काढू नकोस. आणि तिला अजून विचारलेलंच नाही, तर आधी तिच्याकडं जा. ती शेजारच्याच गल्लीत राहते. ती नको म्हणाली तर? तर ते गाणं होणार नाही. पोराला हे पटलेलं नाही, आणि आमच्यातही दोघं त्याच्या बाजूचे आहेत. ते म्हणतात, कुमारांनी प्रत्येक बाईला विचारलं होतं का? उत्तर द्यायला कठीण आहे. आमचं उत्तर असं की कुमारांना माळव्याच्या वाटेवरून जाणारा आवाज परत भेटेल याची खात्री नव्हती; आपल्याला ती आहे, दोनच घरं सोडून.

बरं, आता ऐकू या. आधी ‘कुरांत’, मग तगाक, मग त्या हळदीच्या जात्याची मूळ फीत, साफ न केलेली. आवाज मोठा ठेवतो, घरघर सुरुवातीला कानाला लागेल, तरी कुणी उठू नका. मत आज मागत नाही. ज्यांना सांगायचं असेल त्यांनी पंधरा दिवसांनी, हरिपाठ झाल्यावर, देवळासमोर या.