तीन दिवसांचा सम्राट : मारियसच्या चरित्रकथनाची चिकित्सा

प्रस्तावना :

इ.स. 260 ते 274 या काळात गॉल, ब्रिटन आणि ऱ्हाइनकाठचे प्रांत रोमपासून अलग होऊन स्वतःच्या सम्राटांच्या आधिपत्याखाली होते. आधुनिक इतिहासकार या राज्यास 'गॅलिक साम्राज्य' असे संबोधतात. त्याचा संस्थापक पोस्टुमस याने इ.स. 269 मध्ये लेलिआनस या बंडखोर सेनानीचा माइन्झ येथे पराभव केला; परंतु ते शहर लुटण्यास त्याने मनाई करताच त्याच्याच सैनिकांनी त्याचा वध केला. त्यानंतर सैन्याने मार्कस ऑरेलियस मारियस यास सम्राट केले. हा मारियस पूर्वाश्रमीचा लोहार होता आणि त्याने अवघे दोन-तीन दिवस राज्य केले, असे प्राचीन ग्रंथ सांगतात. हे वस्तुस्थितीचे निवेदन आहे की वाङ्मयीन रचना, याचा विचार येथे प्रस्तुत आहे.

संहितेचे स्वरूप :

मारियसविषयी लिहिणारे ऑरेलियस व्हिक्टर व युट्रोपियस हे दोघेही चौथ्या शतकातील, म्हणजे घटनेनंतर सुमारे नव्वद ते शंभर वर्षांनी लिहिणारे होत. या दोघांमागे आज लुप्त झालेला एकच समाईक ग्रंथ असावा, असे अनुमान एनमान या अभ्यासकाने 1884 मध्ये मांडले व ते पुढे बहुमान्य झाले. म्हणजे साक्षीदार दोन दिसत असले तरी साक्ष बहुधा एकच आहे. व्हिक्टर तर या प्रसंगी प्रचलित असलेला एक विनोदही नोंदवितो : पूर्वी एका मारियसने रोमचे राज्य भक्कम केले, तेव्हा त्याच नावाच्या आणि त्याच धंद्यातल्या माणसाने ते दुरुस्त करावयास घेतले तर नवल ते काय! लोहार व डागडुजी यांवरील ही कोटी वाचली की इतिहासकार कोणाच्या बैठकीत बसून लिहितो आहे हे ध्यानात येते.

सर्वांत विस्तृत वृत्तांत 'हिस्टोरिया ऑगस्टा'मधील 'तीस जुलमी सत्ताधीश' या प्रकरणात येतो. हा ग्रंथ सहा निरनिराळ्या लेखकांच्या नावे प्रसिद्ध असला तरी तो एकाच हाताचा आणि चौथ्या शतकाच्या अखेरचा आहे, असे डेसाऊ याने 1889 मध्ये प्रतिपादन केले. 'तीस' हा आकडाच मुळी अथेन्सच्या तीस जुलमी सत्ताधीशांवरून उचललेला आहे आणि तो भरून काढण्यासाठी काही पात्रे कल्पनेने निर्माण करण्यात आली आहेत. अशा ग्रंथात मारियस पहिल्या दिवशी सम्राट होतो, दुसऱ्या दिवशी राज्य करतो आणि तिसऱ्या दिवशी मारला जातो. या वाक्याचा तोलच त्याचा हेतू सांगून जातो. विशेष म्हणजे चरित्रकार आपले रहस्य स्वतःच उघड करतो. काही तासांपुरत्या कॉन्सल झालेल्या एका गृहस्थावर सिसेरोने केलेली थट्टा तो आधी उद्धृत करतो आणि तीच मारियसलाही लागू पडेल असे म्हणतो. मराठीत 'औट घटकेचे राज्य' म्हणताना साडेतीन घटकांचा हिशेब कोणी मांडत नाही. मारियसचे तीन दिवस याच जातीचे आहेत.

मृत्यूचा प्रसंगही असाच घडविलेला दिसतो. पूर्वी मारियसच्या भट्टीवर काम केलेला एक सैनिक त्याला ठार करतो आणि ही तलवार तुझ्याच हातची आहे असे त्यास ऐकवितो. इतकी नेमकी काव्यात्मता वास्तवात क्वचितच सापडते.

तथापि याच चरित्रात मारियसच्या तोंडी घातलेले भाषण दुर्लक्षिता येत नाही. माझा जुना धंदा मला हिणविण्यासाठी काढला जाईल, खुशाल काढावा. मद्य, फुले व स्त्रिया यांत बुडालेल्या गॅलिएनसपेक्षा लोखंड हाताळणारे हात बरे, असा त्याचा आशय आहे. भाषण काल्पनिक आहे, हे निःसंशय. पण ज्याची थट्टा करायची त्यालाच लेखकाने इतका ताठ स्वर का द्यावा? गॅलिएनसविषयीचा द्वेष या ग्रंथात जागोजागी आढळतो. लोहाराचा गौरव येथे साध्य नसून साधन आहे. रोममधील सम्राटास हाणण्यासाठी हाती घेतलेली ती काठी आहे. मारियस दोन्हीकडून वापरला जातो.

नाण्यांची साक्ष :

मारियसच्या नावाची सोन्याची तसेच हलक्या रुप्याची नाणी उपलब्ध आहेत. ती दोन टांकसाळींतून पडलेली असून अभ्यासक त्यांचा संबंध ट्रिअर व कोलोन यांच्याशी जोडतात. त्यांवरील नामलेख एकाहून अधिक प्रकारचे आहेत आणि मागील बाजूसही विजय, समन्याय, युगाचे सौख्य अशी विविध चित्रे व वचने आढळतात. नव्या सम्राटाची मुद्रा कोरून ठसे तयार करणे, ते दोन ठिकाणी कामास लावणे व इतके प्रकार पाडणे हे दोन-तीन दिवसांत शक्य नाही. म्हणूनच आधुनिक संशोधक त्याची कारकीर्द काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंतची मानतात.

अर्थात नाणे हाही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. 'कॉन्कॉर्डिया मिलिटुम', म्हणजे सैनिकांची एकजूट, हे वचन एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांसह मारियसच्या नाण्यांवर येते. 'फिदेस मिलिटुम', सैनिकांची निष्ठा, हेही येते. आधीच्या सम्राटास नुकतेच कापून काढलेल्या सैन्याच्या हाती ही नाणी वेतन म्हणून पडत होती. येथे निष्ठेचे वर्णन नाही, निष्ठेची याचना आहे. ती फळास आली नाही. पुढचा सम्राट व्हिक्टोरिनस यानेही आपल्या नाण्यांवर सैन्याच्या निष्ठेचा पुकारा केला आणि इ.स. 271 च्या सुमारास तोही आपल्याच माणसांकडून मारला गेला.

मारियस खरोखर लोहार होता काय, याविषयी नाणी मौन बाळगतात. त्यांवर दिसतो तो आखूड केसांचा, दाढी राखलेला, डोईवर किरणमुकुट धारण केलेला सम्राट. पोस्टुमस दिसतो तसाच, व्हिक्टोरिनस दिसतो तसाच. हातोडा व भट्टी केवळ ग्रंथांत आहे, आणि ते ग्रंथ लिहिणाऱ्यांनी आयुष्यात कधी हातोडा उचलला नव्हता.