संदेश कुठे गेला? : 'एफ:एजॅक्स'च्या मुक्या डिफॉल्टविषयी

जावासर्व्हर फेसेस म्हणजे जेएसएफ शिकताना 'एफ:एजॅक्स' हा टॅग आपण डोळे झाकून वापरतो. या टिपणात त्याची बाजू मांडण्यापेक्षा त्याच्याविषयीची तक्रारच जास्त आहे.

गेल्या सत्रात, दिल्लीत द्वारकेच्या आमच्या प्रयोगशाळेत, एका गटाने वसतिगृहाच्या रजेच्या अर्जाचे पान दाखवले. मी मुद्दाम परतीची तारीख निघण्याच्या आधीची भरली आणि 'अर्ज पाठवा' दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले, तरी तेच. "सर, सर्व्हर हँग झालाय," गटातला एकजण म्हणाला. सर्व्हर ठणठणीत होता. त्याने तारीख नाकारली होती, तसा संदेशही तयार केला होता. तो पानावर पोहोचलाच नव्हता. दुसऱ्या गटाची गत उलटी. तिथे अर्ज जतन होत होता, पण 'जतन झाले' दिसत नव्हते. मी चार वेळा बटण दाबले आणि तक्त्यात चार ओळी आल्या. खऱ्या वसतिगृहात या चार अर्जांचा जाब मुलालाच द्यावा लागला असता.

आता कारण पाहू. जेएसएफ 2.0 ही आवृत्ती 2009 मध्ये आली आणि तिने एजॅक्सला प्रमाणित जागा दिली. जावास्क्रिप्टची एक ओळही न लिहिता पानाचा हवा तो भाग बदलता येतो, ही सोय मोठी आहे आणि ती मला मान्य आहे. पण या टॅगच्या 'रेंडर' गुणधर्माचे डिफॉल्ट मूल्य आहे 'नन', म्हणजे काहीही बदलू नका. संपूर्ण पान नव्याने येत असे तेव्हा 'एच:मेसेजेस'ही आपोआप नव्याने रेखाटले जाई. अंशतः अद्ययावत करताना मात्र त्याचा आयडी 'रेंडर'मध्ये स्वतः लिहावा लागतो. विसरलात, तर संदेश त्या विनंतीबरोबरच संपतो.

त्यातही फसवणूक अशी की पडताळणी फसली तर जेएसएफचे जीवनचक्र थेट शेवटच्या टप्प्यावर, प्रतिसाद रेखाटण्यावर, उडी मारते. तुमची ॲक्शन पद्धत चालतच नाही. विद्यार्थी तिच्यात 'प्रिंट' लिहून वाट पाहतो, काही छापले जात नाही, आणि बटणच बिघडले असे ठरवतो. अर्धा तास इथेच जातो.

माझा मुख्य आक्षेप असा : साधनाला हे कळते. मोजारा ही जेएसएफची प्रचलित अंमलबजावणी अशा वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिते की संदेश रांगेत आहेत, पण ते दाखवले गेले नसावेत. म्हणजे ज्याने अर्ज भरला त्याला सोडून बाकी सगळ्यांना खबर! मागितले तेवढेच पाठवावे, हा या रचनेमागचा विचार चुकीचा नाही. पण वापरकर्त्याला दिलेले उत्तर हा पानाचा ऐच्छिक तुकडा नव्हे.

उलट डिफॉल्ट शक्य आहे का? प्राइमफेसेसने ते करून दाखवले आहे. तिथे संदेशाच्या घटकाला 'ऑटोअपडेट' लावले की प्रत्येक एजॅक्स प्रतिसादात तो येतो. मात्र त्याचीही खोड आहे. पानावर दर काही सेकंदांनी चालणारा 'पोल' असेल, तर त्याची पुढची विनंती संदेशाची जागा पुन्हा रिकामी करते आणि वाचण्याआधीच मजकूर गायब होतो. म्हणून पोलवर 'इग्नोरऑटोअपडेट' द्यावे लागते. तरीही मी याच बाजूचा आहे : चूक झालीच तर ती निदान डोळ्यांना दिसते.

दोष शोधताना आधी कोड उघडू नका, ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा. प्रतिसादाच्या एक्सएमएलमध्ये संदेशाचा मजकूर आहे का ते पाहा. नसेल, तर 'रेंडर' तपासा; 'एक्झिक्यूट'चे डिफॉल्ट 'धिस' असल्याने फक्त बटणच प्रक्रियेत जाते आणि बाकी रकाने तपासलेच जात नाहीत, हेही पाहा. मजकूर असूनही दिसत नसेल, तर बहुधा ज्या घटकात तो बसवायचा तो 'रेंडर्ड' खोटे असल्यामुळे पानावर नाहीच. कायम हजर असलेल्या 'पॅनेलग्रुप'मध्ये तो गुंडाळा आणि त्या बाहेरच्याचा आयडी द्या. ॲक्शननंतर दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट असेल, तर फ्लॅशमध्ये 'कीपमेसेजेस' चालू करा.

संदेश दिसला म्हणून काम संपत नाही. पडदावाचक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला पानाच्या कोपऱ्यातला बदल ऐकूच येत नाही. त्या बाहेरच्या घटकाला 'एरिया-लाइव्ह' हवे, आणि तो घटक पान उघडल्यापासून तिथे हवा. मजकुराबरोबरच जन्मलेला लाइव्ह भाग अनेक वाचक वाचत नाहीत. 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 मध्ये स्थितीसंदेशांसाठी 4.1.3 हा स्वतंत्र निकष एए पातळीवर आहे.

आणि एक कबुली. आमच्या प्रयोगपुस्तिकेतले एजॅक्सचे उदाहरण मीच लिहिले आहे. त्यात नाव भरले की खाली 'नमस्कार' उमटतो. रिकामे नाव पाठवले तर काय होते, हे त्यात नाही. दोन्ही गटांनी तिथूनच उचलले होते. या सत्रात ते उदाहरण बदलले आहे : पहिली नोंद चुकीची भरायची, आणि पानावर काय आले ते वहीत लिहायचे.