सुताराच्या खुणा

आमच्या निसर्गवर्णनपर लेखनांत सुतारपक्ष्याच्या वांट्याला एकच काम आलेलें आहे: झाड पोखरणें. एका वाक्यांत टकटक ऐकूं आली कीं पुढच्या वाक्यांत खोड पोकळ झालेंच म्हणून समजावें. आणि त्यापुढें कोणी घरभेद्या, नाहीं तर कोणी टीकाकार, त्या पांखराच्या पंक्तीला आणून बसविलेला असावयाचा. टीकाकारांविषयीं आमची तक्रार नाहीं. आम्ही त्याच पंक्तीचे. तक्रार एवढीच कीं, उपमा देणारानें उपमान कधीं निरखून पाहिलेलें नसतें.

लांकडावरील खुणा वाचूं गेल्यास ही उपमा टिकत नाहीं. आपल्याकडे बागांतूनहि दिसणारा सोनपाठी सुतार घ्या. तो खोडावर चोंच मारतो ती मुंग्या व अळ्या यांसाठीं, म्हणजे खाणारे तेथें अगोदरच ठाण मांडून असतात. भक्ष्यासाठीं पाडलेले हे खड्डे वेडेवांकडे व बहुधा उथळ असतात. आजूबाजूची साल उचकटलेली दिसते. घरट्याचें भोंक निराळें. तें वाटोळें, रेखीव कांठाचें, थोडें आंत जाऊन खालीं वळलेलें. आणि नवें असेल तर बुंध्याशीं ढलप्यांचा सडा. लांकडाच्या भुशानें भरलेलीं जीं बारीक छिद्रें आमचे लेखक याच्या नांवावर मांडतात, तीं पुष्कळदां भुंगेऱ्यांचीं असतात. तांबटहि वठलेल्या फांदीला वाटोळें भोंक पाडतो. तेंहि सुताराच्याच खात्यावर!

घरट्यासाठीं सुतार बहुधा बुरशीनें आंतून मऊ झालेलें लांकूड निवडतो. कुजका गाभा त्यानें केलेला नसतो, त्यानें ओळखलेला असतो. अमेरिकेच्या आग्नेय भागांत पाईनच्या जिवंत झाडांत घर करणारा एक लहान काळा-पांढरा सुतार आहे. गाभ्याला बुरशी लागलेलीं जुनीं झाडें तो धरतो; तरी एक ढोली पुरी व्हावयास त्याला कित्येकदां वर्षें लागतात. तोंडाभोंवतीं बारीक छिद्रें पाडून तो राळ वाहती ठेवतो, म्हणजे सापाला वर चढतां येत नाहीं. १९७० सालीं हा पक्षी नामशेष होण्याच्या धोक्यांत असल्याचें जाहीर झालें, आणि त्याचें मुख्य कारण त्याचीं जुनीं पाईनवनें माणसांनीं तोडलीं हें होतें. झाडाचा वैरी कोण, हें येथें निराळें सांगावयास नको.

संस्कृतांत याला दार्वाघाट, म्हणजे लांकडावर आघात करणारा, म्हणतात. नांवांत कृतीची नोंद आहे, आरोप नाहीं. वाजसनेयी संहितेंतील अश्वमेधाच्या पशुपक्ष्यांत तो वनस्पतींकडे नेमून दिलेला आहे. मराठीनें तर त्याला कारागिराचें नांव दिलें. पोखरण्याचा ठपका मागाहून आम्हां लेखकांचा.

तो ठपका कागदावरच राहता तर आम्ही हें लिहिलेंहि नसतें. गेल्या पावसाळ्यापूर्वीं शेजारच्या एका आवारांतील शिरीषाचा जुना वृक्ष ‘सुतारानें पोखरला’ म्हणून तोडण्यांत आला. सांगणाऱ्या गृहस्थांची भाषा थेट शालेय निबंधांतली होती. खोड कापल्यावर आम्हीं पाहिलें: बुंध्यापासूनच गाभा बुरशीनें तपकिरी होऊन भुसभुशीत झालेला, सुताराचें भोंक त्याच्या पुष्कळ वर, एका मोडक्या फांदीच्या टोकाशीं. त्या फांदीच्या ओंडक्यांत पिंगळ्याचीं पिसें होतीं.