फाटक्यात पाय

नाटकाचं परीक्षण छापून येतं, सिनेमाचं येतं, गाण्याच्या बैठकीचं तर गवई घरी पोचायच्या आत येतं. विजारींचं परीक्षण मात्र माझ्या पाहण्यात कुठे आलेलं नाही. वास्तविक नाशिकच्या मध्यमवर्गीय माणसाने वर्षभरात नाटकं किती पाहिली आणि विजारी किती पाहिल्या याचा हिशेब मांडला (आणि हिशेब मांडणं हा माझा पोटाचा धंदा आहे), तर विजारींचं पारडं जड भरेल. नाटकाला तिकीट लागतं, शोरूमला लागत नाही. आत एअरकंडिशन असतं, दार उघडायला माणूस असतो, आणि काही न घेता बाहेर पडलात तरी तो बिचारा दार उघडतोच.

म्हणून दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी, बँक बंद असते आणि घरात माळा आवरायचा बेत शिजत असतो, अशा वेळी मी कॉलेज रोडला 'न्यू कलेक्शन' बघायला जातो. बरोबर पुतण्या असतो. तो कपडे घेतो, मी नावं ठेवतो. लेखक आणि समीक्षक यांच्यात तरी याहून वेगळी वाटणी कुठे असते?

नावं ठेवायची म्हणजे नावांपासूनच सुरुवात करू. लुई फिलिप घ्या. हा ब्रँड १९८९ सालचा, घराणं आज बिर्लांचं. नाव मात्र फ्रान्सच्या राजाचं. हा गृहस्थ १८३० ते १८४८ गादीवर होता, आणि व्यंगचित्रकार त्याचं डोकं नासपतीसारखं काढायचे. पुढे क्रांती झाली, राजेसाहेबांनी गादी सोडली आणि 'मिस्टर स्मिथ' असं नाव सांगून इंग्लंडला पळ काढला. ज्याला स्वतःचं नाव लपवून पळावं लागलं, त्याच्या नावाचा शर्ट घालून लोक आज कर्जवसुलीला जातात! आमच्याच जिल्ह्यात मालेगावला यंत्रमाग खडखडत असतात, पण 'मालेगाव' नावाचा शर्ट मी अजून काचेत टांगलेला पाहिलेला नाही.

या बाबतीत जीन्सचं कूळ जरा बरं. 'डेनिम' हे नाव फ्रान्सच्या नीम गावावरून आलं, 'जीन्स' इटलीतल्या जिनोआवरून, आणि इंग्रजीतली 'डंगरी' आली ती चक्क आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. तिथलं जाडंभरडं कापड साहेबाच्या भाषेत सतराव्या शतकातच जाऊन बसलं होतं. म्हणजे जे ध्यान आज परदेशी म्हणून काचेत उभं आहे, त्याचं एक माहेर कसारा घाट उतरून गाडीने गाठता येतं.

मापांबद्दल फार लिहीत नाही. पूर्वी टेलर आपलं माप घ्यायचा, आता कपडा आपलं माप काढतो. ३४ लिहिलेली पँट मला आरामात बसली. घरी येऊन टेप लावली, तर ३६ भरली. पण दोन इंचांचा हा ओव्हरड्राफ्ट बिनव्याजी असल्यामुळे माझी काही तक्रार नाही.

आता मुख्य प्रयोगाकडे वळतो. काचेतल्या पुतळ्याच्या अंगावर, दर्शनी जागी होती ती फाटकी जीन्स.

"डिस्ट्रेस्ड आहे, अंकल," विक्रीवरचा मुलगा म्हणाला.

"कोणी त्रास दिला?" मी विचारलं. पुतण्या दोन पावलं लांब जाऊन दुसऱ्याच कोणाचा तरी पुतण्या असल्यासारखा उभा राहिला.

धडधाकट जीन्स २,९९९ आणि फाटकी ३,९९९. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तू वापरली की झिजते, झिजली की किंमत उतरते, आणि ती उतरलेली रक्कम दर वर्षी वजा करायची. इथे वस्तू वापरायच्या आधीच झिजवलेली, आणि झीज किमतीत मिळवलेली! याच रस्त्यावरच्या बीवायके कॉलेजात असं गणित मी सोडवलं असतं तर अजून तिथेच असतो.

आमच्या काउंटरवर फाटक्या वस्तूंना रीतसर नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पन्नास किंवा वरच्या नोटेचा एकसंध तुकडा मूळ क्षेत्रफळाच्या ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० भरला तर निम्मे, त्याखाली राम राम. मी ती जीन्स मनातल्या मनात काउंटरवर पसरली. दोन्ही गुडघे गेलेले, एका मांडीला खिडकी, तरी ८० च्या वर भरत होती. पूर्ण पैसे द्यावे लागले असते. पण नोट फाटली आहे म्हणून जास्त पैसे द्या, असं म्हणणारा इसम गेल्या वीस वर्षांत माझ्यासमोर आलेला नाही.

इथवर गंमत झाली. पण ही झीज येते कुठून, हे एकदा बघायला हवं. डेनिमचा उभा धागा निळा असतो, आडवा पांढरा. निळीचा रंग धाग्याच्या वरवर बसतो, गाभा पांढराच राहतो. म्हणून जिथे घासलं जाईल तिथे पांढरं उघडं पडतं. पूर्वी हे घासण्याचं काम वापरणारा माणूस स्वतः, फुकट करायचा. १८७३ साली अमेरिकेत लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस नावाचा शिंपी यांनी खिशांच्या कोपऱ्यांना रिबीट ठोकण्याचं पेटंट घेतलं, ते विजार फाटू नये म्हणून! आता कारखान्यात सच्छिद्र दगडांबरोबर ती धुतात, पॉलिश पेपरने हाताने घासतात, हल्ली लेझरनेही जाळतात. आणि आणखी एक रीत होती. दाबाखालच्या हवेने कापडावर वाळूचा मारा करायचा. काम झटपट आणि स्वस्त. पण त्या वाळूची धूळ मजुराच्या फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर इलाज नाही. हा खाणीतल्या आणि दगड फोडणाऱ्या माणसांचा आजार. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांना तो विजारी फिक्या करणाऱ्या तरुण पोरांमध्ये सापडला. २००९ साली तिथल्या सरकारने ही रीत बंद केली, आणि नंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनीही ती सोडल्याचं जाहीर केलं.

त्या जीन्सला मी सात चिठ्ठ्या मोजल्या. कापूस किती, ताणणारा धागा किती, पाणी कोमट की गार, इस्त्री उलटीकडून की सुलटीकडून, सगळं होतं. गुडघा कोणी आणि कशाने झिजवला, ते एकीवरही नव्हतं. मी मुलाला विचारलं.

"वरूनच असं येतं, अंकल," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? व्याजदर का बदलले म्हणून ग्राहक विचारतात तेव्हा मीही हेच सांगतो.

पुतण्याला मग मी १९९५ सालची हकिगत ऐकवली. अरविंद मिल्सने तेव्हा 'रफ अँड टफ' नावाने जीन्सचा संच काढला होता. कापड, चेन, रिबिटं आणि मागे लावायचा पट्टा, सगळं एका पिशवीत, दोनशेच्या आत. शिवायचं आपल्या टेलरकडून. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या टेलरने तोवर जन्मात पायजमे आणि शाळेच्या खाकी पँटी शिवलेल्या. त्याने रिबिटं हातोडीने ठोकली, एक वाकडं बसलं. ती पँट गुडघ्यावर पांढरी व्हायला दोन वर्षं लागली, सायकलच्या सीटने आणि वर्गातल्या बाकाने ती झिजवली. फाटली तेव्हा आईने ठिगळ लावलं ते आतून, कोणाला दिसू नये म्हणून. काचेतल्या जीन्सचं ठिगळ बाहेरून होतं, आणि त्यावर कंपनीचं नाव होतं.

पुतण्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मग घेऊ काय?"

समीक्षकाला असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मी शोरूमभर फिरलो. अगदी मागे, ट्रायल रूमच्या शेजारी, खालच्या फळीवर एक साधी जीन्स सापडली. गडद निळी, न झिजवलेली, न फाडलेली, जरा कडक. "ती बेसिक आहे," मुलगा नाराजीने म्हणाला. किंमत १,७९९, आणि चिठ्ठ्या दोनच. या हंगामाच्या कलेक्शनमध्ये माझ्या मते बघण्यासारखी वस्तू तेवढी हीच. ३० ते ४० मापांत मिळते, घेताना दोन इंच वजा धरावेत. पहिल्या तीन-चार धुण्यांत रंग जातो, तेव्हा बनियनबरोबर भिजवू नये.