मंडळी कुठे गेली?

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक कादंबरी वाचून रत्नागिरीतल्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईंनी मला घरी बोलावले. बाई निवृत्त शिक्षिका. म्हणजे माझ्याच जातकुळीच्या. दिवाळीचे दिवस होते, म्हणून मी घरून फराळाचा डबा नेला. तो ठेवून घेत त्या म्हणाल्या, "नाताळात परत येईल हो. रिकामा नाही यायचा." मग चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग बाईंनी हळूच माझे पुस्तक काढले.

"मास्तर, तुमच्या कादंबरीत आमची एक नर्स आहे. एका प्रकरणात येते आणि त्याच प्रकरणात बोटीत बसून मुंबईला जाते. तिचे आईबाप कोण, ती कुणाच्या बारशाला जाते, कुणाशी भांडते, काही नाही. तुम्हा लोकांच्या पुस्तकांत आमची माणसे एकतर बाटतात, नाहीतर बोटीत बसतात. मधली सगळी वर्षे आम्ही इथेच होतो की!"

मी हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य मनात रुतले ते रुतलेच. आज दिवाळी अंकाच्या निमित्ताने त्याला उत्तर द्यावे, निदान त्याची नीट कबुली द्यावी, म्हणून हा लेख.

मराठी ख्रिस्ती समाज आपल्या उपासक समुदायाला 'मंडळी' म्हणतो. मराठी बायबलातला हा शब्द मला फार आवडतो. तो परका नाही, जड संस्कृतही नाही. लग्नाला जमतात ती मंडळी, पंगतीला बसतात ती मंडळी. आणि जुन्या वळणाचा नवरा बायकोचे नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणतो तीही मंडळीच. तेव्हा एखाद्या पुस्तकात ख्रिस्ती मंडळी आली आहे की नाही हे ठरवायला माझी कसोटी साधी आहे. त्या पुस्तकात बाप्तिस्म्याचा दुसरा दिवस उजाडतो का? चूल पेटते का? पंगत बसते का?

या कसोटीवर पहिले घ्यायचे ते फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण'. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१६ मध्ये राचोलच्या छापखान्यातून त्याचे हे ओवीबद्ध मराठी काव्य रोमन लिपीत छापून निघाले. त्याने मराठीची केलेली स्तुती आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. मला मात्र या ग्रंथातला दुसराच प्रसंग मोलाचा वाटतो. नवा ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला विनवतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण तरी द्या! देव बदलला, पण संध्याकाळी चार माणसांत बसून ओवी ऐकायची सवय कशी बदलणार? पुढचा सगळा ग्रंथ बायबलातल्या कथेचा आहे. त्यात गोव्याच्या गावातली माणसे नाहीत. मंडळी दिसत नाही, पण मंडळीचा कान दिसतो. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी हे पुराण किनाऱ्याकिनाऱ्याने मंगळुरापर्यंत ख्रिस्ती घरांत टिकले आणि १९०७ मध्ये तिथेच पुन्हा छापले गेले. हे टिकणे त्या कानाचे आहे.

दुसरे पुस्तक बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन'. १८५७ सालच्या या पुस्तकाला मराठीतील पहिली कादंबरी म्हणतात. विधवांचे हाल पाहत हिंडणारी यमुना स्वतः विधवा होते, अखेर ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विधवांचे दुःख सांगताना पदमनजींची लेखणी खरोखर ओली होते. पण बाप्तिस्मा झाला, लग्न झाले, की पुस्तक मिटते. यमुनेला नव्या शेजारणी कशा भेटल्या, जुन्या आठवल्या की ती कुठे बसून रडली, हे लेखकाला सांगायचेच नाही. पदमनजींवर अन्याय नको. त्यांना विधवांची बाजू मांडायची होती आणि त्या काळी मंडळीच मुळी मूठभर होती. पण धर्मांतर म्हणजे गोष्टीचा शेवट, ही रीत इथे पडली. आम्ही हिंदू लेखकांनी तीच उलट्या बाजूने उचलली. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याला सुखान्त होतो, आमच्याकडे शोकान्त. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी कोकणात आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. एका माणसाचा विचार, तळमळ, घरच्यांची रडारड, हे सारे आपण पावाच्या एका तुकड्यात बुडवून टाकले!

ही रीत मोडली ती फारसे शालेय शिक्षण न झालेल्या एका बाईने. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळक आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. जन्म १८६१ चा. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतर कुठल्याही पुस्तकात इथे शेवट झाला असता. 'स्मृतिचित्रां'त इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण टिळकांची 'मंडळी' हिंदूच राहिली होती. काही वर्षे ताटातूट, मग एकत्र येणे, तरी सोवळेओवळे सांभाळणे आणि शेवटी १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा. नवऱ्याला देव एका झटक्यात भेटला असेल. बायकोला तो पाण्याच्या घोटाघोटाने भेटला.

या पुस्तकाची बांधणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे, सारे घर छळणारे. त्या घरातली मुलगी पुढे दुष्काळातली पोरकी पोरे आपल्या घरात वाढवते, प्लेगच्या छावणीत काम करते, कुणाच्याही हातचे खाते. हा प्रवास कुठेही प्रवचनातून सांगितलेला नाही. सगळा स्वयंपाकघरातून झालेला आहे. नवऱ्याचा तापट स्वभाव, हातातला पैसा वाटून टाकण्याची खोड, काही म्हणता काही झाकलेले नाही आणि कुठे चीडही साचलेली नाही. मंडळीतली माणसे इथे संत नाहीत आणि बाटगीही नाहीत. ती हेवेदावे करतात, एकमेकांची आजारपणे काढतात. माझ्या कसोटीला हे एकच पुस्तक पुरेपूर उतरते. ज्या घरी ते नसेल त्यांनी या दिवाळीत ते आणावे आणि मोठ्याने वाचावे. पोरे हसत ऐकतील.

टिळकांनीही तेच काम गाण्यातून केले. मंडळीच्या तोंडी परक्या चालींची भाषांतरित गीते होती, तिथे त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. १९१७ मध्ये तर मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. पंगत वाढवण्याचाच तो खटाटोप. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले.

पण 'स्मृतिचित्रे' मुख्यतः नगर-नाशिकची. टिळकांच्या जन्मजिल्ह्याच्या किनाऱ्याला अशी लक्ष्मीबाई का मिळाली नाही? मला सुचते ते कारण असे. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबई इलाख्यातले आपले पहिले ठाणे बाणकोटला घातले, मग हर्णैला. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपे मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले. पुढे मुंबईत ज्यांच्या नावाचे कॉलेज झाले, त्यांनी आमच्या बंदरावर मराठीचे धडे गिरवले! पण पुढच्या काही वर्षांत मिशनने मुंबई-पुण्याकडे मुक्काम हलवला. रत्नागिरी शहरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन स्थिरावले ते १८७३ मध्ये. इतिहास लिहिला तो अहवाल लिहिणाऱ्या मिशनऱ्यांनी. म्हणून मिशनरी बोटीत बसला की इतिहासही त्याच्याबरोबर बोटीत बसतो. मागे राहिलेल्या माणसांची नोंद जन्म, लग्न आणि मरण एवढीच.

कागद नसला म्हणजे मंडळी नसते असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई गाव आहे. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज सत्ता गेली. कोर्लईचे ख्रिस्ती लोक तिथेच राहिले. आजही सुमारे हजारभर माणसे घरात एक पोर्तुगीज-मिश्र बोली बोलतात. तिला ती 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. जवळजवळ पावणेतीनशे वर्षे मराठी शेजाराने त्या वाक्यांना आपल्या वळणाने बसायला लावले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लेमंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. मराठी कादंबरीकाराला मात्र कोर्लई म्हटले की किल्ला आठवतो. मलाही किल्लाच आठवत असे.

आता कबुली. श्री. ना. पेंडशांनी दापोली-हर्णैचा मुलूख मराठी कादंबरीत कायमचा वसवला. त्यांच्या मागून आम्ही लहानमोठे कितीतरी लेखक नारळी-पोफळी, देऊळ, देवचार, भाऊबंदकी लिहीत राहिलो. माझ्या नर्सला मी बोटीत बसवले, कारण तिला गावात ठेवायचे तर तिच्या घरात शिरावे लागले असते, आणि मी कधी शिरलोच नव्हतो. शेजार होता, डब्यांची देवघेव होती. पण तिच्या चुलीपाशी बसून 'तुमच्या आजीची गोष्ट सांगा' असे मी कधी म्हटले नाही. हा द्वेष नव्हता. आळस होता. साहित्यात त्या दोहोंचे फळ एकच येते.

त्या वर्षी नाताळात डबा परत आला. बाईंनी त्यात करंज्या घातल्या होत्या. आमच्यासारख्याच, फक्त कडेची मुरड वेगळी. वर चिठ्ठी होती: 'नर्सला परत आणा.'

बाई आता थकल्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी, उपासना आटोपली की मी वही घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसतो. त्या सांगतात, मी उतरून घेतो. कादंबरी होईल की नाही, ठाऊक नाही. परवा वहीचे पहिले पान उलटून पाहिले. त्यावर त्यांच्या आजीच्या हातच्या माशाच्या कालवणाचे माप होते.

मला वाटते, सुरुवात बरी झाली आहे.