शबीह आणि पोशाख

जामसरला तैलचित्र पाहायचे तर पुस्तकातल्या छापील पानावरच. राजा रविवर्मा यांनी काढलेले सयाजीराव गायकवाडांचे तरुणपणीचे चित्र आम्हीही प्रथम तसेच पाहिले. छपाईत रंग फिके पडले होते, दागिने मात्र लखलखत होते. आमची तक्रार नेमकी तीच आहे.

रविवर्मा १८८१ साली बडोद्यास आले ते दिवाण सर टी. माधवराव यांच्या बोलावण्यावरून. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सयाजीरावांच्या हाती कारभार आला. चित्रातला तरुण त्याच दिमाखात, भरजरी दरबारी पोशाखात आहे.

उर्दूत व्यक्तिचित्राला ‘शबीह’ म्हणतात. जहांगीरच्या काळी अबुल हसन, बिचित्र यांनी अप्रतिम शबीह रंगवल्या. त्यांत चेहरा बहुधा एका बाजूने दिसतो, सावली जवळजवळ नसते. तैलरंगाने सावली आणली, कापडाला वजन दिले. रविवर्मा यात उस्तादच. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवला की मोती गोल होतो, हे त्यांना पक्के ठाऊक. पण चेहऱ्यापाशी आले की हात आखडल्यासारखा वाटतो. चेहरा नितळ, निश्चिंत. जणू जन्मापासून याच पोशाखात वाढलेला.

वस्तुस्थिती तशी नव्हती. हा मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले तेव्हा वय १२, आणि लिहिता-वाचता येत नव्हते. उशिरा शाळेत आलेले मूल आम्हां शिक्षकांना लांबून ओळखू येते. पहिले अक्षर गिरवताना त्याच्या कपाळावर जी आठी पडते, ती पुढे पुसली तरी खूण राहते. मधल्या सहा वर्षांच्या शिकवणीची ती खूण या चित्रात कुठेच नाही.

फर्माईशीचे दरबारी चित्र असेच असणार, हे आम्हांस मान्य. पण रविवर्मांना तरी तैलरंग कोणी हात धरून शिकवले होते? त्रिवेंद्रमला थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार रंगवीत असता ते नुसते पाहत राहिले. शिकण्याची आच सोसलेले दोघे समोरासमोर उभे होते, आणि कॅनव्हासवर उतरले ते मोती!

याच तरुणाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तो माणूस आम्ही चित्रात पुन्हा पुन्हा शोधतो. नजर दर वेळी दागिन्यांवरच अडते.